मेरुमण्याच्या पलीकडून

इंदुमतीबाईंच्या डोक्यावर जाळीची टोपी बसवताना शाहिनने विचारलं, "आजी, टोचत नाही ना कुठं?"

"टोचलं तर काढणार आहात का?"

"नाही."

"मग विचारता कशाला, बाई?"

काचेपलीकडे बसलेल्या शाल्मलीला हसू आलं. आईची जीभ शाबूत होती. हातही शाबूत होते, भाजी निवडायचे, जपाची माळ ओढायचे. नावं आणि नाती तेवढी गेली होती. गेल्या दिवाळीपासून शाल्मली ही तिला दवाखान्यातली कुणी बाई वाटत असे; स्वभावाने चांगली, पण जरा जास्तच मागे मागे करणारी. "तुमच्या घरी कुणी वाट बघत नाही का हो?" असं ती शाल्मलीला अधूनमधून विचारी.

मिरजेच्या त्या उपचारकेंद्रात 'उजळणी' यंत्र येऊन दोन वर्षं होत आली होती. त्यामागचं शास्त्र तसं साधं. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा ती डब्यातून काढली, पाहिली आणि परत ठेवली, असं घडत नाही. आठवताना ती आठवण मऊ पडते, भिजवलेल्या मातीसारखी, आणि काही वेळाने पुन्हा आळते. त्या मऊपणाच्या काळात ठरावीक औषध रक्तात असेल, तर ती पहिल्यापेक्षा पक्की बसते. विस्मृतीच्या या आजारात सगळ्याच आठवणी काही पुसल्या जात नाहीत. पुष्कळशा आपापल्या जागी असतात, त्यांच्याकडे जाणारी वाट मोडलेली असते. टोपीतून जाणाऱ्या ध्वनिलहरी एक आठवण जागी करत, ती आळेपर्यंत थांबत, आणि मग तिच्याच धाग्याने शेजारच्या आठवणीकडे सरकत.

शाल्मलीला हे समजायला मुळीच जड गेलं नव्हतं. ती कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनात प्रोग्रॅमिंग शिकवत असे, आणि यादीतून एकेका घटकाला भेटत पुढे जाण्याचा पाठ तिच्या आवडीचा होता. मुलांना ती पंगतीचं उदाहरण देई. वाढपी पानापाशी येतो, "वाढू?" म्हणतो. कुणी हो म्हणतं, कुणी पानावर हात आडवा धरतं. कुणाच्या पोटात काय आहे हे वाढप्याला ठाऊक नसतं, आणि असण्याची गरजही नसते. ज्याचं पोट त्याला ठाऊक. वाढप्याला दोनच गोष्टी कळाव्या लागतात. पुढे पान आहे का, आणि असेल तर त्याच्यापाशी जायचं. इटरेटर म्हणतात तो एवढाच असतो, ती सांगे. आणि वाढणं चालू असताना कुणी मधूनच उठून गेलं आणि पंगत सरकली, तर एक पान उपाशी राहतं, हेही सांगे. मुलं हसत, पण परीक्षेत बरोबर लिहीत.

शाहिन मुजावर त्याच वर्गातली. आता ती उजळणीचे प्रोग्रॅम लिहिणारी इंजिनिअर होती, आणि यंत्र आठवणींच्या पोटात डोकावत नाही याचा तिला अभिमान होता. पडद्यावर नुसते ठिपके दिसत. कोणत्या ठिपक्यात लग्न आणि कोणत्यात भांडण, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

अडचण होती ती 'पुढे' म्हणण्याची. एक आठवण पुरती झाली हे रुग्णानेच सांगायचं, त्यासाठी हातात एक बटण देत. इंदुमतीबाई बटण हातात घेत आणि ते कशाचं आहे हे विसरून जात. तेव्हा शाल्मलीच म्हणाली होती, "तिला माळ दे. बोटं विसरलेली नाहीत." शाहिनने प्रत्येक मण्यात तांदळाच्या कणीएवढं संवेदक बसवून दिलं. एक मणी सरकला की एक पाऊल पुढे.

तीन आठवडे सगळं छान चाललं आणि कुठेच पोचलं नाही.

इंदुमतीबाई रोज टोपी उतरवली की माहेरचं बोलत. नृसिंहवाडीचा घाट, काकूच्या चोरून खाल्लेल्या चिंचा, शाळेतले घोरपडे मास्तर. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाट, चिंचा, घोरपडे मास्तर. त्या आठवणी इतक्या लख्ख झाल्या की मास्तरांच्या कोटाची बटणंही आता त्यांना सांगता येत. लग्नाचा मात्र पत्ता नव्हता.

एका सकाळी शाल्मली पडद्याऐवजी आईच्या हाताकडे बघत बसली होती. माळ सरकत सरकत मेरुमण्याशी, जोडावरच्या मोठ्या मण्याशी, आली. आईने अंगठा थांबवला, माळ डोळ्यांना लावली, उलटी फिरवली आणि पुन्हा जपायला लागली. जन्मभर पाहिलेली गोष्ट.

"शाहिन," ती सावकाश म्हणाली, "मण्यांचा क्रम उलटा लागला तर तुझं यंत्र काय करतं?"

"मागे जातं. पेशंट घाबरला तर मागे यायला वाट पाहिजे की."

"मेरू ओलांडत नाहीत गं. तिथवर जायचं, आणि माळ उलटवून आल्या वाटेनं परत."

शाहिनने कपाळाला हात लावला. "आमच्या दादीची तसबीह नुसती गोल फिरत राहायची, मॅडम. मी समजले, तुमचीपण तशीच. पण तुम्हाला तर माहीत होतं."

"मी हातात कधी धरली होती?" शाल्मली म्हणाली.

यंत्र रोज आत जात होतं आणि रोज आल्या पावली माघारी येत होतं. पंगतीच्या पहिल्या पानांवर वाढून वाढून ढीग झाला होता, आणि पलीकडची पानं कोरडीच. औषध तर कुठल्याही रुग्णाला तीन महिन्यांच्या वर देता येत नसे, यकृत बिघडे. त्यातले तीन आठवडे घोरपडे मास्तरांच्या बटणांवर खर्च झाले होते.

प्रोग्रॅम सुधारायला अर्धी दुपार पुरली. मेरूशी माळ उलटली तर यंत्राने पुढेच जायचं, मध्येच कुठे उलटली तर मात्र घाबरल्याची खूण समजून मागे यायचं.

त्यानंतर इंदुमतीबाई भराभर पुढे निघाल्या. लग्न झालं. सासूबाईंच्या हातचं कोरडं पिठलं आलं. साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं भाड्याचं घर आलं. आणि श्रीरंग आला.

शाल्मलीच्या घरात श्रीरंगचा फोटो होता, पण त्याच्याबद्दल बोलणं नव्हतं. तो तिच्या जन्माआधीच गेलेला. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला आपला मोठा भाऊ पहिल्यांदा भेटत होता. त्याला दुधीभोपळा चालत नसे. कान टोचताना त्याने सोनाराला चावा घेतला होता. उसाच्या गाड्या दिसल्या की त्याला भान राहत नसे.

"सात वर्षांचं पोर," इंदुमतीबाई कौतुकाने सांगत, "पण ट्रॉलीतला ऊस असा ओढतो की बघत राहावं. कांडं घेऊन येतो आणि अर्धं मला देतो. तुम्हाला आहे का हो मुलगा?"

"मला मुलगी आहे."

"असू दे, असू दे. मुलीही माया करतात."

शाहिनने मान खाली घातली. शाल्मली आईच्या डोक्याला तेल लावत राहिली.

मग एक दिवस यंत्र थांबलं. मेरू यायला पुष्कळ मणी बाकी होते, तरी इंदुमतीबाईंनी माळ मध्येच उलटवली आणि यंत्र शहाण्यासारखं मागे आलं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी. तिसऱ्या दिवशीही तिथेच. टोपी उतरवल्यावर त्या एवढंच म्हणत, "दारात उभा होता. मौन होतं ना माझं. बोलता येईना." आणि चहा मागत.

शाल्मलीने साताऱ्याला ताराआत्याला फोन लावला. आत्या नव्वदीची, पण कान आणि डोकं दोन्ही ठणठणीत.

"कशाला उकरतेस गं ते?" आत्या म्हणाली.

"उपचार अडलाय, आत्या."

मग आत्या बोलली. "जप संपेतो तुझी आई मौन पाळायची. तो आला दारात, म्हणाला, गाड्या आल्यात, जाऊ? हिनं मान हलवली. जा म्हणून. एवढंच बघ. ट्रॉलीचं मागचं चाक... तेराव्यानंतर ती त्यावर एक शब्द बोलली नाही. जप मात्र सोडला नाही. लोक म्हणायचे, काय दगडाची बाई आहे. मीही म्हटलं असेल."

दारापर्यंतच्या सगळ्या आठवणी अलीकडे होत्या. शाल्मलीचा जन्म, तिची शाळा, तिची आजारपणं, तिचं लग्न, सगळं पलीकडे.

दुसऱ्या दिवशी शाहिनने तिला आपल्या खोलीत बसवलं. "एक उपाय आहे, मॅडम. मागे यायची सोय बंद करते. त्या मण्यावर आजींनी कितीही माळ उलटवली तरी यंत्र पुढे सरकेल. त्या एका जागेतून गेलो की पुढचं सगळं तुमचंच आहे."

"आणि ती एक जागा?"

"तीपण उजळेल. काल घडल्यासारखी." शाहिनने डोळे वर केले नाहीत. "मग ती फिकी करता येत नाही. आमच्याकडे पक्कं करायचं औषध आहे, पुसायचं नाही."

शाल्मलीने एक दिवस मागून घेतला. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आईंना तू ओळखू यावीस असं तुला वाटणं चुकीचं नाही." चुकीचं नाही, हे तिलाही ठाऊक होतं. गेलं वर्षभर ती आईच्या तोंडून 'अहो बाई' ऐकत होती. सकाळी तिने शाहिनला हो म्हणून सांगितलं.

टोपी चढली. माळ सरकू लागली. पडद्यावरचे ठिपके एकेक करून उजळत गेले, आणि ती जागा आली. इंदुमतीबाईंनी माळ उलटवली. यंत्र मागे आलं नाही. त्यांनी पुन्हा उलटवली. मग त्यांचे ओठ घट्ट मिटले, मौनातल्या बाईचे मिटतात तसे, आणि समोरच्या बंद दाराकडे बघत त्यांची हनुवटी हळूहळू वर उचलली गेली.

"थांबव," शाल्मली म्हणाली.

शाहिनने कळ ओढली. इंदुमतीबाईंची मान तशीच अर्धवट वर राहिली, मग खाली आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि चहा मागितला.

"आणखी एका श्वासात पार झालो असतो," शाहिन म्हणाली.

"हो. आणि ती मान तिनं पुन्हा हलवली असती. माझ्यासाठी."

दोघी केंद्राच्या उपाहारगृहात गेल्या. समोर पोहे गार होत होते. शाल्मलीने आईची माळ पिशवीतून काढली आणि टेबलावर गोल मांडली.

"हे बघ. मेरू एकच आहे, पण त्याच्याशी दोन वाटांनी येता येतं. हा एक पदर आणि हा दुसरा. ही वाट तुझं यंत्र चाललं, दारापर्यंत. तिथे आईचा मेरू आहे. तो ओलांडायचा नसतो, हे तिला आपल्यापेक्षा चांगलं कळतं. मग आपण दुसऱ्या पदरानं का येत नाही? शेवटाकडून?"

"यादी उलटी फिरायची?"

"मागे चालता येतंच ना त्याला?"

"येतं. पण मॅडम, सुरुवात कुठून करू? या आजारात नवं काही टिकतच नाही. आज सकाळचं त्यांना दुपारी आठवत नाही. शेवटचा मणीच नाही, तर हात कुठे घालू?"

"शेवटचा मणी मी करून देते."

शाहिन तिच्याकडे पाहत राहिली. "रोज तीच गोष्ट, त्याच वेळी, त्याच वासाची, हातांनी करायची असेल तर कदाचित बसेल. रोज म्हणजे रोज. एक दिवस चुकला तरी सुटेल."

"म्हणजे नेमच की."

"आणि मधलं? तुमच्या भावाचं जाणं? त्याला दोन्हीकडून हात लागला नाही तर ते विरून जाईल. मग ते कुणाकडे राहणार?"

"माझ्याकडे."

"तुम्ही तर तेव्हा नव्हता."

"म्हणूनच मला पेलेल," शाल्मली म्हणाली आणि पोह्यांची ताटली ओढून घेतली.

सहामाही तोंडावर आली असताना तिने बिनपगारी रजा टाकली. प्राचार्य वैतागले. नवऱ्याने दोन पिशव्या कपडे मिरजेला आणून पोचवले. ती केंद्राजवळच्या खोलीत आईबरोबर राहू लागली.

नेम कशाचा करायचा, हे आईनेच ठरवल्यासारखं झालं. खोलीमागच्या मोकळ्या जागेत दूर्वा होत्या. पहाटेच्या दवात दोघी उकिडव्या बसत, दूर्वा खुडत, आणि मग पायरीवर बसून गणपतीसाठी जुड्या बांधत. शाल्मलीने आयुष्यात दूर्वा निवडल्या नव्हत्या.

"अहो बाई, हे गवत आहे," पहिल्या दिवशी इंदुमतीबाई म्हणाल्या. "तीन पात्यांची घ्या. कोवळी. तुम्हाला आईनं काही शिकवलं नाही का?"

"शिकवलं असतं. मीच पळायचे."

"पळणाऱ्याच फार," त्या म्हणाल्या आणि स्वतःची जुडी दाखवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तिसऱ्या दिवशीही. शाल्मली तेच उत्तर देत राहिली. देवावर तिची श्रद्धा बसली असं काही झालं नाही. पण पहाटे जाग आपोआप येऊ लागली, आणि बोटांना तीन पाती न बघता कळू लागली. एकदा तिला ताप भरला होता, तरी ती गेली. आईने तिच्या कपाळाला हात लावला आणि म्हणाली, "आज तुम्ही नुसत्या बसा. मी खुडते."

एके दिवशी दूर्वा खुडायला बसण्याआधीच इंदुमतीबाई म्हणाल्या, "काल तुम्ही गवतच आणलं होतं."

शाल्मलीने तिथूनच शाहिनला फोन केला. "काल, म्हणाली ती. काल."

शेवटचा मणी सापडला. त्याच दिवशी शाहिनने त्या ठिपक्याला हात घातला आणि यंत्र उलट्या वाटेने निघालं. औषधाचे दिवस थोडे उरले होते, तरी वाट सरळ निघाली. दूर्वांमागून हे केंद्र आलं, केंद्रामागून कोल्हापूरचं घर. नातीची गोष्ट आधी आली आणि जावयाची नंतर. इंदुमतीबाई सांगत ते सगळं शेपटाकडून डोक्याकडे जाणारं असे. शाल्मलीचा निकाल आधी आणि मग अभ्यासाची रडारड. आधी सासरी निघालेली गाडी, मग हळद. शाल्मली ऐकत असे आणि आपणच लहान लहान होत चालल्यासारखं तिला वाटे.

एका पहाटे पायरीवर बसल्या बसल्या इंदुमतीबाईंनी तिच्या हातातली जुडी ओढून घेतली.

"शाल्मली, दोरा सैल आहे. घट्ट बांध."

शाल्मलीने जुडी परत घेतली आणि घट्ट बांधली. दोरा तिला नीट दिसत नव्हता, म्हणून वेळ लागला. आई काही म्हणाली नाही. तिच्या दृष्टीने त्यात नवं काही नव्हतं.

औषध संपायच्या आठवड्यात यंत्र दुसऱ्या पदरानेही थांबलं. इंदुमतीबाईंनी माळ डोळ्यांना लावली आणि शांतपणे उलटवली. टोपी उतरवल्यावर म्हणाल्या, "तुझ्या वेळी मी डोहाळजेवण करू दिलं नाही कुणाला. नको म्हटलं." का नको, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं की नाही, तेही कळलं नाही. शाहिनने पडद्याकडे बोट दाखवलं. दोन्ही बाजूंचे ठिपके उजळले होते आणि मध्ये एक काळा होता.

"बंद करू, मॅडम?"

"कर."

शाल्मली आईला कोल्हापूरला घेऊन आली. घरामागे कुंडीत दूर्वा लावल्या. आजी नातीला नावाने हाक मारी आणि तिच्या केसांवरून तिला बोले. लोक भेटायला येत, म्हणत, केवढं पालटलं हो.

पहिल्या आठवड्यातच ते झालं. शाल्मलीला ते होणार हे ठाऊक होतं. पायरीवर ऊन आलं होतं, जुड्या बांधून झाल्या होत्या. इंदुमतीबाई जपाला बसायच्या आधी रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "श्रीरंग दिसत नाही गं. कुठं गेलाय?"

अलीकडच्या पदराचा शेवटचा मणी. दारात उभं असलेलं पोर. पुढे काय झालं, ते आता या घरात फक्त एकीलाच ठाऊक होतं. ताराआत्याकडून तिने सगळं विचारून घेतलं होतं. वेळ, चाक, कुणी उचलून आणलं, अंगात कुठला सदरा होता.

"उसाच्या गाड्या आल्यात," शाल्मली म्हणाली. "तिकडे गेलाय. तुला विचारून गेलाय ना?"

इंदुमतीबाईंनी आठवून पाहिलं. त्यांच्या कपाळावर एकही आठी नव्हती.

"हो, मला विचारूनच गेला," त्या म्हणाल्या. "मीच मान हलवली. म्हटलं, जा."

माणूस पाऊस थांबला म्हणून सांगतो, तशा आवाजात त्यांनी ते सांगितलं. मग माळ घेतली आणि ओठ मिटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. शाल्मलीने पुन्हा सांगितलं. आता ती पहाटे उठते, तीन पाती निवडते, जुड्या बांधते, आणि आई रस्त्याकडे बघेपर्यंत पायरीवरून हलत नाही. कॉलेजात पहिला तास तिने दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला आहे.